गणपती पेठेत बांधून घेतलेली चित्रवही : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सांगलीच्या गणपती पेठेतील एका बोळात वह्या-पुस्तकांच्या बांधणीचे जुने दुकान आहे. तिथे मी गेल्या वर्षी जून महिन्यात एक चित्रवही बांधून घेतली आणि या ऑगस्टमध्ये तिचे शेवटचे पान भरले. आपले नाव कुठे छापू नये, अशी दुकानाच्या मालकांची इच्छा असल्यामुळे ते मी देत नाही. पेठेत रोजमेळ, म्हणजे व्यापाऱ्यांच्या रोजच्या हिशेबाच्या वह्या, बांधून देणारे दुकान कोणते, असे विचारले की वाट सांगणारे पुष्कळ भेटतात. मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला शिकते. या अभिप्रायात वहीविषयी जेवढे लिहीन, जवळजवळ तेवढेच माझ्या चित्रांविषयीही लिहावे लागणार आहे, कारण या वहीने माझी काम करण्याची पद्धत बदलली आणि ती कशामुळे बदलली हे सांगितल्याशिवाय वहीचे गुणदोष नीट सांगता येणार नाहीत.

मी मूळची तासगाव तालुक्यातील. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षांत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती, आणि त्या श्रेणीबरोबर एक समजूतही माझ्या मनात पक्की झाली होती : चित्र म्हणजे परीक्षकापुढे ठेवण्याची स्वच्छ, पुरी झालेली वस्तू. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येकी ५० पानांच्या तीन स्पायरल वह्या घेतल्या. वर्षअखेरीस त्यांतील १५० पानांपैकी ४१ पाने शिल्लक होती. बाकीची मी एकेक करून फाडली होती, कारण कुठे हाताची बोटे जाड झाली होती, कुठे डोके धडाच्या मानाने मोठे झाले होते, कुठे छायेची शिसपेन्सिल पसरली होती. स्पायरल वहीतील पान फाडले तरी मागे खूण राहत नाही. तारेत अडकलेले कागदाचे तुकडेही मी चिमट्याने काढून टाकत असे. त्या ४१ पानांवर प्राध्यापकांनी समाधान व्यक्त केले होते, मलाही ती पाने पाहून बरे वाटत होते. परंतु त्या वर्षात माझी चूक कुठे होत होती आणि ती कशी सुधारत गेली, हे कळण्याचे कोणतेही साधन मी माझ्याजवळ ठेवले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका वरच्या वर्गातील मुलीने मला या दुकानाविषयी सांगितले. मी तिथे गेले ते केवळ मोठ्या आकाराची आणि जाड कागदाची वही स्वस्तात मिळेल म्हणून. दुकान अरुंद आणि खोल आहे. दर्शनी भागात तांबड्या कापडाच्या रोजमेळ, कीर्द आणि खतावण्यांच्या चवडी, त्यांच्या मागे वह्या दाबून ठेवण्याचा लोखंडी शिकंजा, कटिंगचे यंत्र आणि खळीचे पातेले. सांगली ही हळदीची पेठ आहे, आणि हळदीच्या अडत दुकानांचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या असल्याच वह्यांत लिहिले गेले. आता हिशेब संगणकावर गेले असले, तरी दिवाळीत वहीपूजनासाठी अनेक व्यापारी अजूनही नवी वही बांधून घेतात, आणि वर्षाचे उरलेले महिने ग्रंथालयांची फाटकी पुस्तके, जुन्या पोथ्या आणि पावतीपुस्तके यांवर दुकान चालते. भिंतीवर छातीच्या वर एक मातकट रेघ आहे. ती २०१९ सालच्या ऑगस्टमधील महापुराची. त्यानंतर काकांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, कागदाच्या सगळ्या फळ्या त्या रेघेच्या वर घेतल्या आहेत आणि कागद काढायला त्यांना दर वेळी स्टुलावर चढावे लागते.

कागदाच्या निवडीवर काकांनी जेवढा वेळ दिला, तेवढा वेळ चित्रसाहित्याच्या कोणत्याही दुकानात मला कोणी दिलेला नाही. मी १८० जीएसएमचा कार्ट्रिज कागद मागितला होता, म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा. त्यांनी २२ बाय ३० इंचाचा एक पूर्ण ताव काढला, तो प्रथम एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने अलगद वाकवून पाहिला आणि मलाही तसे करायला सांगितले. एका दिशेने ताव सहज वाकत होता, दुसऱ्या दिशेने हाताला विरोध जाणवत होता. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने लोळतात. घडी त्या तंतूंना समांतर असेल तर ती मऊ बसते आणि वही सपाट उघडते, आडवी असेल तर घडीवर कागद तडकतो आणि वही मिटायला पाहते. या तावाचे तंतू ३० इंचांच्या बाजूने जात होते. तावाचे चार भाग केले की ११ बाय १५ इंचाचे तुकडे मिळतात. ते १५ इंचांच्या बाजूला समांतर दुमडले, तर साडेपाच इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी लांबोळकी वही होते. आडवे दुमडले, तर साडेसात बाय ११ इंचाची, नेहमीच्या आकाराची. काकांनी पहिला आकार सुचवला. रोजमेळीचा आकार तोच, असे ते म्हणाले. मी दुसरा मागितला, कारण कॉलेजच्या स्कॅनरवर तो बसत होता आणि लांबोळकी वही वर्गात विचित्र दिसेल असे मला वाटले. त्यांनी आग्रह धरला नाही, मात्र वही पहिले काही महिने सपाट उघडणार नाही, हे स्पष्ट सांगितले. तसेच झाले.

बांधणीचे काम मी दोन दुपारी तिथे बसून पाहिले आणि त्याविषयी थोडे तपशिलाने लिहिते, कारण पुढे जे घडले ते या रचनेतूनच घडले. एका तावाचे चार तुकडे दुमडून एकात एक बसवले की ८ पानांचा, म्हणजे १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो. माझ्या वहीत असे ६ फर्मे आहेत, म्हणजे ४८ पाने. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने तो आधीच्या फर्म्याशी शिवला जातो. मग पाठीवर खळ, त्यावर जाळीचे कापड, पुन्हा खळ, आणि शिकंज्यात एक रात्र. खळ गव्हाच्या पिठाची असते आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. शेवटी पुठ्ठा आणि तांबडे कापड. या प्रकारच्या बांधणीत कोणतेही पान एकटे नसते. फर्म्यातील पहिले पान आणि आठवे पान हा एकच कागद असतो, तसेच दुसरे आणि सातवे, तिसरे आणि सहावे, चौथे आणि पाचवे.

वही हातात देताना काका एवढेच म्हणाले, “बाळ, यातलं पान फाडायचं नाही. एक पान काढलंस की त्याचं जोडीदार पान सुटतं.” आणि मग, मी विचारले नसतानाही, त्यांनी हिशेबाच्या वहीची रीत सांगितली. तिथे चुकलेला आकडा खरवडून काढत नाहीत आणि पान तर फाडतच नाहीत; चुकीवर रेघ मारतात किंवा खाली उलट नोंद करतात, म्हणजे काय चुकले होते आणि ते कधी दुरुस्त केले हे दोन्ही वहीत राहते. मी मान हलवली. ही गोष्ट व्यापाराची आहे, चित्रकलेची नाही, असे मला त्या दिवशी वाटले होते.

पहिल्या आठ महिन्यांत मी या वहीत फक्त १० पाने भरली. वही इतकी देखणी होती की तिच्यात चुकायची मला भीती वाटत असे. जुलैमध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले तेव्हा मी आयर्विन पुलाजवळ तीन संध्याकाळी बसले; १९२९ सालापासून उभ्या असलेल्या त्या पुलाच्या कमानी आणि त्यांना लागून वाहणारे गढूळ पाणी मी आधी सुट्या कागदांवर काढले, त्यांतील बरे निवडले आणि मग घरी दिव्याखाली बसून ते वहीत उतरवले. गणपती मंदिराचे काळ्या दगडाचे खांब, हरिपूरच्या संगमावरची होडी, कॉलेजच्या आवारातील शिरीष, सगळे असेच. आज ती १० पाने पाहिली की रेषा स्वच्छ दिसतात, पण पुलावर उभ्या असलेल्या माणसांची पाणी पाहण्याची ओढ त्यांत कुठे दिसत नाही, कारण पाने भरताना माझ्यासमोर पाणीही नव्हते आणि माणसेही नव्हती.

फेब्रुवारीत हळदीचे सौदे जोरात सुरू झाले. आमच्या वर्गाला माणसांच्या हालचालीचा अभ्यास करायचा होता, म्हणून मी मार्केट यार्डात गेले आणि पहिल्यांदाच थेट वहीत काढायला बसले. पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा एक हमाल मला काढायचा होता. तो थांबत नव्हता, अर्थातच. मी तीन वेळा सुरुवात केली, तिन्ही रेखाटने एकमेकांवर चढली, गुडघा दोन ठिकाणी आला, आणि पोत्याचा आकार माणसापेक्षा ठळक झाला. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने डोकावून पाहिले. मी ते अकरावे पान फाडले, चुरगाळले आणि हळकुंडांच्या कचऱ्यात टाकून दिले. काकांचे शब्द मला त्या वेळी आठवले होते, तरीही फाडले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, मार्चच्या अखेरीस, मी गावी गेले होते. आमच्याकडे त्या दिवसांत बेदाण्याचा हंगाम असतो. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांच्या मजल्यांवर पसरतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत ते सावलीतच वाळतात, आणि मग बायका ओळीने बसून बेदाणा निवडतात : हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, काड्या वेगळ्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माझी आई त्याच्या कितीतरी आधीपासून दर हंगामात निवडायला बसते. त्या दुपारी मी तिच्यासमोर बसून चौदाव्या पानावर तिचे दोन्ही हात आणि पुढ्यातला ट्रे काढला. शेडनेटमधून येणारा हिरवट उजेड तिच्या मनगटावर पडला होता. मी पुसले नाही, मोजले नाही, आणि अर्ध्या तासाने वर पाहिले तेव्हा मला प्रथमच असे वाटले की मी माझ्या आईचे काम पाहिले आहे. ते माझे आजवरचे सर्वांत चांगले रेखाटन आहे, असे मी आजही म्हणेन.

आईला दाखवण्यासाठी मी वही उचलली आणि चौदावे पान खाली घसरले. अकरावे पान हे दुसऱ्या फर्म्यातले तिसरे, आणि चौदावे हे त्याच फर्म्यातले सहावे. मी फेब्रुवारीत फाडलेल्या हमालाचा कागद आणि आईच्या हातांचा कागद एकच होता.

सेवेविषयी जो भाग लिहायचा तो इथे येतो. मी दुसऱ्याच दिवशी सांगलीला परतून दुकानात गेले. काकांनी सुटे पान हातात घेतले, वहीतली फटीची जागा बोटाने चाचपली आणि विचारले, “ह्याचं जोडीदार कुठाय? आण, दोन्ही जोडून देतो.” मी पान टाकून दिल्याचे सांगितले. ते रागावले नाहीत आणि सांगूनही ऐकले नाहीस असेही म्हणाले नाहीत. त्यांनी पातळ पण चिवट कागदाची एक पट्टी कापली, तिला खळ लावून चौदावे पान तिच्यावर बसवले, आणि पट्टीचा दुसरा भाग घडीतून पलीकडे काढून अकराव्या पानाच्या जागी बोटभर रुंदीचा तसाच ठेवला. त्यामुळे चौदावे पान घट्ट बसले, आणि अकराव्या पानाच्या जागी कागदाची एक अरुंद कोरी पट्टी राहिली. दुरुस्तीचे त्यांनी २० रुपये घेतले. दहावे पान उलटले की बोटाला अजूनही ती पट्टी लागते.

त्या पट्टीमुळे मी ठरवून काही शिकले, असे म्हणणे खरे होणार नाही. झाले ते एवढेच की पान फाडण्याची इच्छा झाली की हात थांबू लागला, आणि एकदा फाडायचे नाही हे नक्की झाल्यावर आधी सुट्या कागदावर काढून पाहण्याचेही कारण उरले नाही. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत उरलेली ३४ पाने भरली. पहिल्या आठ महिन्यांत १० आणि नंतरच्या पाच महिन्यांत ३४, हा फरक मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिला आहे. त्या ३४ पानांत बिघडलेली रेखाटने खूप आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी तंबोऱ्याची जवारी लावणारे, म्हणजे त्याचा नाद जुळवणारे, एक कारागीर काढले. तारेखालचा दोरा किंचित सरकवून ते कान लावून ऐकत, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासत, पुन्हा ऐकत. माझी पहिली दोन पाने त्यांच्या हातांवरच गेली आणि दोन्ही फसली. ती फसलेली पाने समोर उघडी असल्यामुळेच तिसऱ्या पानावर मला दिसले की काम हातांत नसून मानेत आहे : ते ऐकत होते, म्हणून मान एका बाजूला कललेली होती. पहिली दोन पाने मी फाडली असती, तर तिसऱ्यांदाही मी हातच काढले असते.

मे महिन्यात आम्ही औंधला गेलो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभे केलेले भवानी चित्रसंग्रहालय सातारा जिल्ह्यात असले, तरी आटपाडी आणि कुंडल ही आज सांगली जिल्ह्यात असणारी गावे त्याच संस्थानातली असल्याने ते आम्हाला परके वाटत नाही. तिथे ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मूल हे दगडी शिल्प आहे. मी त्याच्यापुढे बसून चार पाने भरली. आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होते हे रेषेने दाखवायचा मी प्रयत्न करत होते, आणि तो दगड मला तसे करू देत नव्हता. दोघांचे मिळून एकच वजन होते. परत येताना बसमध्ये मी चौदावे पान काढून पाहिले आणि आईचे हात व ट्रे यांच्यामध्ये मी उगाच ओढलेली एक कडेची रेषा मला दिसली. ती मी खोडली नाही. शेजारी तारीख घालून लिहिले की ही रेषा नको होती.

अशा नोंदी आता वहीत २३ ठिकाणी आहेत. माझ्या वाढीविषयी मी काही खात्रीने सांगू शकत असेन, तर ते या नोंदींच्या आधारे : मला वस्तूची कड आधी दिसते आणि वजन नंतर, मी चेहऱ्याला फार लवकर हात घालते, उभ्या माणसाची पावले मी जवळजवळ नेहमीच लहान काढते, इतकी की त्याचा भार जमिनीवर येत नाही. या तिन्ही गोष्टी दोन वर्षांत प्राध्यापकांनी मला अनेकदा सांगितल्या होत्या. परंतु जुलैचे पान आणि पुढच्या वर्षीच्या जूनचे पान शेजारी शेजारी ठेवून स्वतः पाहिल्याशिवाय त्या मला पटल्या नाहीत.

आता वहीच्या उणिवा सांगते, कारण ही वही प्रत्येकाने घ्यावी असे माझे मत नाही. काकांनी आठ दिवसांचा वायदा केला होता आणि वही तेराव्या दिवशी मिळाली. दिवाळीच्या आधीच्या दीड महिन्यात तर नवे काम ते घेतच नाहीत. तांबड्या कापडाचा रंग पक्का नाही. एकदा पावसात भिजून त्याचा डाग माझ्या पिशवीला आणि पहिल्या दोन पानांच्या कडांना लागला, तेव्हापासून मी वहीला प्लास्टिकचे वेष्टन घातले आहे. तंतूंच्या दिशेचा दोष माझ्या आग्रहाचा असला, तरी तो आहेच : पहिले दोन फर्मे सपाट ठेवायला कडेला दगड लागायचा, आणि दोन पानांवर पसरलेले चित्र घडीजवळ तुटते. या कागदावर जलरंगाचा एक पातळ थर चालतो, दुसऱ्या थराला कागद फुगतो. ज्यांना प्रामुख्याने जलरंगात काम करायचे आहे त्यांनी ३०० जीएसएमचा कागद स्वतः नेऊन द्यावा, काका तो बांधून देतात, मात्र एका फर्म्यात दोनच दुमडलेले तुकडे घालतात. कोळशाचे चित्र समोरच्या पानावर उमटते, म्हणून फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का करणारा फवारा) मारूनही मध्ये बटर पेपर ठेवावा लागतो. आणि कॉलेजमध्ये सादर करण्यासाठी सुटी पाने हवी असतील, तर ही वही अडचणीचीच ठरते. मी अख्खी वही परीक्षकांपुढे ठेवली आणि तसे करायला मला आधी परवानगी घ्यावी लागली.

किमतीचे म्हणाल, तर सहा तावांचे २७० आणि बांधणीचे ३५० मिळून ६२० रुपये लागले. तेवढ्या पैशात स्पायरलच्या दोन वह्या येतात आणि त्या पहिल्या दिवसापासून सपाट उघडतात. झटपट सराव, रंगांच्या चाचण्या, वर्गातील टिपणे यांसाठी मी आजही स्पायरल वहीच वापरते आणि तिला कमी लेखत नाही. पण शिवण चौदा महिन्यांनीही जराही सैल झालेली नाही, पाठ तडकलेली नाही, आणि मिटलेल्या वहीत चित्रे किती चांगली राहतात याचा मला एक पुरावाही मिळाला. यार्डातून आणलेली हळद पाण्यात कालवून मी एकाच दिवशी दोन चित्रे रंगवली होती, एक वहीत आणि एक सुट्या कागदावर. एका ठिकाणी ओल्या हळदीला चुना लावला, आणि कुंकू जसे बनते तसा तो भाग तांबडा झाला. सुटे चित्र मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले, आणि दोन महिन्यांत त्यातला पिवळा रंग उन्हाने जवळजवळ नाहीसा झाला, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. वहीतले पान अजून पिवळेधमक आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला बेदाण्याच्या शेडवर चित्रमालिका करायची आहे. सुरुवातीला माझ्या डोक्यात कॅनव्हासवरची मोठी तैलचित्रे होती. आता मी ठरवले आहे की पूर्ण हंगाम, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, फक्त वहीत काम करायचे आणि कॅनव्हासला मे महिन्याआधी हात लावायचा नाही. तीन गोष्टी मला साधायच्या आहेत. शेडनेटखाली सावळ्या त्वचेवर पडणारा हिरवट उजेड, जो रंगवताना माझ्याकडून आजवर मळकट होत आला आहे. ओळीने बसलेल्या आठ-दहा बायका, ज्या एकाच कामात असूनही प्रत्येकीची पाठ वेगळी वाकते. आणि आईचा चेहरा, जो मी या वहीत एकदाही काढलेला नाही. तिच्या हातांची आणि पाठीची ११ पाने आहेत, चेहऱ्याचे एकही नाही, हे मला वही संपल्यावर मोजताना दिसले. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “तू काढ की, मी कुठं नको म्हणलंय.” अडचण तिच्याकडून नव्हती. चेहरा चुकला तर तिच्यावर अन्याय होईल असे मला वाटत होते, आणि ती भीती जाईपर्यंत मी थांबणार असेन, तर तो चेहरा कधीच काढला जाणार नाही. म्हणून नव्या वहीच्या पहिल्याच पानावर तो काढायचा आहे, जसा येईल तसा. जानेवारीत सौदे सुरू झाले की मार्केट यार्डातही जायचे आहे, त्याच फळीपाशी.

गेल्या आठवड्यात मी नव्या वहीचे काम देऊन आले. या वेळी तावांच्या तंतूंना समांतर घडी घालून साडेपाच बाय १५ इंचाची लांबोळकी वही सांगितली आहे. उभा माणूस पावलांसकट त्यात मावतो, आणि उघडली की ११ बाय १५ इंचांची सपाट जागा मिळते. आठ फर्मे, म्हणजे १२८ पृष्ठे. कापड तांबडे नको, न रंगवलेले जाडेभरडे चालेल, असे सांगितले आणि १०० रुपये आगाऊ दिले. निघताना मी काकांना विचारले की पावतीपुस्तकांवर जसे क्रमांक छापता, तसे या वहीच्या पानांवर घालून मिळतील का. त्यांनी फळीवरून क्रमांकाचे यंत्र काढले, एका कागदावर ठसा उठवून दाखवला, आणि आकडा वरच्या कोपऱ्यात हवा की खालच्या, एवढेच विचारले. मी खालच्या कोपऱ्यात सांगितला आहे, १ ते १२८.